पुण्याहून एका दिवसात कृष्णेचा उगम ते वाई, या ऑर्गनायझरबरोबर सहलीला जाऊन आलो, सविस्तर रिव्ह्यू

आधी थोडक्यात सांगते, पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच, पण महाबळेश्वरला आत्तापर्यंत कितीतरी वेळा गेलोय आणि पंचगंगेच्या मंदिरात जाऊन गोमुखाचं पाणी डोक्याला लावून परत आलोय, तरी कृष्णा नदी म्हणजे नेमकं काय आहे, तिची गोष्ट काय आहे आणि ती गोष्ट त्याच डोंगरावर का घडली, हे मला या सहलीत पहिल्यांदा कळलं. त्यासाठी यांचे पैसे वसूल आहेत. ज्यांना वेण्णा लेकची बोट, स्ट्रॉबेरी क्रीम आणि मार्केट हवंय त्यांनी दुसरी ट्रिप बघा, यांची गाडी तिथे थांबतच नाही, आणि ते त्यांनी बुकिंगच्या वेळीच स्पष्ट सांगितलं होतं.

मी, नवरा, सासूबाई आणि दहावीतला मुलगा असे चौघं होतो. माणशी २२०० रुपये, त्यात सतरा सीटरचा प्रवास, नाश्ता, दुपारचं जेवण आणि दिवसभर गाइड. गाडी पहाटे साडेपाचला नळ स्टॉपला, मग स्वारगेट आणि कात्रज असे तीन पिकअप. वेळेवर आली. नाश्ता खंबाटकी उतरल्यावर, पोहे-उपमा-चहा, ठीकठाक. ड्रायव्हर दादा फारच सांभाळून चालवणारे होते, पसरणी घाटात सासूबाईंना एरवी मळमळतं, यावेळी अजिबात त्रास झाला नाही, म्हणून त्यांचं वेगळं कौतुक.

आता मुख्य गोष्ट म्हणजे गाइड ताई. तरुण आहे, इंडॉलॉजी म्हणजे भारतविद्या शिकलीय, आणि तिची एक पद्धत मला फार आवडली, ती गाडीत गोष्टी सांगत नाही. बऱ्याच ट्रिपमध्ये काय होतं, गाडी सुटली की माइक हातात घेऊन सगळी पुराणं सांगून मोकळे होतात आणि प्रत्यक्ष जागेवर पोचल्यावर "अर्धा तास आहे, दर्शन घेऊन या" एवढंच. हिने गाडीत फक्त एक काम केलं, पसरणी घाटात वर चढताना गाडी एका सुरक्षित जागी बाजूला घ्यायला लावली आणि खाली धोमच्या धरणाचं पाणी दाखवलं, म्हणाली हे बघून ठेवा, हे कुठून येतं ते वर गेल्यावर बघू आणि संध्याकाळी खाली उतरून याच पाण्याच्या काठावर जाऊ. बस. त्यामुळे दिवसभर सगळ्यांच्या डोक्यात एक धागा राहिला.

पंचगंगा मंदिर महाबळेश्वर गावापासून साधारण सहा किलोमीटरवर, क्षेत्र म्हणजे जुन्या महाबळेश्वरला. आम्ही लवकर पोचलो म्हणून गर्दी नव्हती, दगडी ओवरीत शांतपणे बसता आलं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, आतमध्ये ओळीने नद्यांच्या उगमाच्या जागा दाखवलेल्या आहेत, तिथून येणारं पाणी एकत्र होतं आणि गोमुखातून कुंडात पडतं. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच, म्हणून पंचगंगा. पण मोजायला गेलं तर जागा सात आहेत, आणखी दोन म्हणजे भागीरथी आणि सरस्वती. भागीरथी दर बारा वर्षांनी प्रकट होते आणि सरस्वती दर साठ वर्षांनी, अशी श्रद्धा आहे.

हे बारा आणि साठ मी लहानपणापासून ऐकलंय पण का बारा आणि का साठ हे कुणी सांगितलं नव्हतं. ताईने सांगितलं की बारा वर्षं म्हणजे गुरू ग्रहाची सगळ्या राशींमधून एक फेरी. गुरू सिंह राशीत आला की गोदावरीचं पर्व, तेच आपलं नाशिक-त्र्यंबकेश्वरचं सिंहस्थ. पुढच्या राशीत, कन्येत गेला की कृष्णेचं पर्व, त्याला कन्यागत म्हणतात, आणि त्या वर्षभर गंगा कृष्णेच्या भेटीला येते असं मानतात. म्हणून इथे ती भागीरथीची जागा आहे. पुढे तुळेत कावेरी, वृश्चिकेत भीमा असं ते चक्र चालूच राहतं. आणि साठ म्हणजे आपलं संवत्सरांचं चक्र, प्रभव, विभव वगैरे साठ नावं असतात ना पंचांगात, ती एकदा फिरून आली की सरस्वती. म्हणजे या दोन कोरड्या जागा म्हणजे दगडात बांधलेलं पंचांगच म्हणायचं. माझ्या सासूबाई २०१६ च्या कन्यागताला नरसोबाच्या वाडीला जाऊन आल्या होत्या, त्यांनी लगेच तिथली पर्वकाळाची गर्दी, पहाटेचं स्नान, सगळं वर्णन करून सांगितलं, आणि ताईने त्यांना मधे न तोडता पूर्ण बोलू दिलं, उलट पुढे बसायला जागा करून दिली. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी त्यांना नंतर प्रश्न विचारले. सासूबाई दिवसभर इतक्या खूश होत्या की काय सांगू.

मग गोष्ट. ही मी सविस्तर लिहिते कारण याच्यासाठीच जायचं. ब्रह्मदेवाने सह्याद्रीवर यज्ञ करायचं ठरवलं. विष्णू आले, शंकर आले, सगळे देव, ऋषी जमले. दीक्षेचा मुहूर्त जवळ आला आणि यजमानपत्नी सावित्री अजून आलेलीच नाही. बोलावणं गेलं तरी आली नाही. मुहूर्त टळायला नको म्हणून विष्णूने सुचवलं की गायत्रीला बसवा, आणि तिला ब्रह्मदेवाच्या उजव्या हाताला बसवून दीक्षा सुरू केली. तेवढ्यात सावित्री आली. आपल्या जागेवर दुसरी बसलेली बघून तिने सगळ्यांनाच शाप दिला, तुम्ही सगळे जड, निर्जीव व्हाल, नद्या व्हाल. गायत्रीही गप्प बसली नाही, ती म्हणाली ब्रह्मदेव जसे तुझे पती तसे माझेही, तूही नदी होशील. आणि मग ते तसंच झालं. विष्णू कृष्णा झाला, शंकर वेण्णा झाला, ब्रह्मदेव ककुद्मती म्हणजे कोयना झाला आणि त्या दोघीही नद्या झाल्या. ही कथा पद्मपुराणात कार्तिकमाहात्म्यात येते, तिथे सावित्रीचं नाव स्वरा असं आहे.

ताईने इथे एक चांगली गोष्ट सांगितली की हीच कथा पुष्करलाही आहे. तिथेही ब्रह्मदेवाचा यज्ञ, सावित्रीला उशीर, गायत्रीला बसवणं, सगळं तेच, पण तिथे सावित्री रागावून डोंगरावर जाऊन बसते आणि आजही पुष्करला टेकडीवर तिचं देऊळ आहे. वाळवंटाच्या कडेला कथा घडली तर डोंगरावर जाऊन बसणं, आणि सह्याद्रीत घडली तर नदी होऊन वाहणं. प्रत्येक भूमीने एकच गोष्ट आपापल्या पद्धतीने सांगितली. माझ्या मुलाने विचारलं की मग खरी कुठली, तर ती म्हणाली आर्थर सीटला चल, तिथे उभं राहून सांगते.

त्याआधी महाबळेश्वराचं मंदिर. पंचगंगेपासून चालत पाच मिनिटं. इथलं शिवलिंग स्वयंभू आहे, घडवलेलं नाही, रुद्राक्षासारखा खडबडीत उंचसखल खडक आहे आणि त्याच्या खळग्यांमध्ये पाणी असतं. कथा महाबळ आणि अतिबळ या दोन दैत्य भावांची. ते इथल्या ऋषींना त्रास देत होते, विष्णूने अतिबळाला मारलं, पण महाबळाला इच्छामरणाचं वरदान होतं म्हणून तो कुणालाच आवरेना, शेवटी आदिमायेने त्याला मोहिनी घातली आणि त्याने स्वतःच मरण मान्य केलं. मरताना त्याने मागितलं की देवांनी इथेच आमच्या नावाने राहावं. म्हणून शंकर महाबळेश्वर झाला, विष्णू अतिबळेश्वर आणि ब्रह्मदेव कोटेश्वर. दैत्याची शेवटची इच्छा देवांनी पाळली आणि आज आपण त्या दैत्याच्या नावाने देवाला हाक मारतो, हे मला फार मोठं वाटलं. आपल्या पुराणात हरलेल्याची आठवण पुसत नाहीत.

आणि इथेच शिवाजी महाराजांनी ६ जानेवारी १६६५ ला सूर्यग्रहणाच्या पर्वावर जिजाऊंची सुवर्णतुला केली, ज्येष्ठ मुत्सद्दी सोनोपंत डबीरांचीही केली. जावळी महाराजांनी १६५६ मध्ये घेतली, हा सगळा मुलूख जावळीचाच. ग्रहणात नदीच्या उगमाशी दान, म्हणून ही जागा निवडली असणार असं ताई म्हणाली आणि ते पटलं. नवरा इतिहासवाला आहे, त्याला या भागात आणखी वेळ हवा होता, पण ग्रुप आहे म्हटल्यावर तेवढं चालायचंच.

कृष्णाबाईचं मंदिर मात्र चुकवू नका. पंचगंगेच्या मागून थोडं चालत जायचं, काही दगडी पायऱ्या, आणि दरीच्या अगदी कडेला जुनं काळ्या दगडाचं देऊळ. महाबळेश्वरला येणारे बरेच लोक इथपर्यंत येतच नाहीत. आत शिवलिंग, समोर कुंड, गोमुखातून पाण्याची धार, आणि पलीकडे कृष्णेचं सगळं खोरं. दगडांवर शेवाळ असतं, बूट चांगले घाला. इथे बसून मला एक गोष्ट सारखी मनात येत होती, पुराणात कृष्णा म्हणजे विष्णू, कोयना म्हणजे ब्रह्मदेव, सगळे पुरुष देव, पण काठावरच्या माणसांनी त्यांना कायम आई, बहीण, बाई म्हणूनच बघितलं. कृष्णा आणि कोयना कराडला समोरासमोर येऊन भेटतात तर लोक दोन बहिणींची भेट म्हणतात, ओटी भरतात, साडी नेसवतात. पुराणाचं पुराणाजवळ आणि बायकांचं बायकांजवळ, आणि दोन्ही एकाच वेळी खरं. ताईला मी हे बोलून दाखवलं तर ती वाईच्या उत्सवाबद्दल सांगते म्हणाली, ते पुढे लिहिते.

आता आर्थर सीट. जुनं नाव मढीमहाल. मी इथे लग्नाच्या आधीपासून येतेय, फोटो काढायचे, हलकी वस्तू खाली टाकली की वाऱ्याने परत वर येते ते बघायचं (प्लीज प्लॅस्टिक टाकू नका, ताईनेही आधीच बजावलं होतं) आणि परत जायचं. यावेळी तिने आम्हाला कड्याजवळ उभं केलं आणि सांगितलं डावीकडे बघा. डावीकडे सावित्रीचं खोरं, एकदम खोल, तुटलेले कडे, थेट कोकणात पडलेलं. मग उजवीकडे बघा. उजवीकडे जोर गावाचं खोरं, हिरवं, उथळ, दाट झाडीचं, ते कृष्णेकडचं. आपण उभे आहोत ती धार दोन्हीच्या मधे. इथे पडलेला पावसाचा थेंब चार पावलं डावीकडे पडला तर पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाणार, आणि चार पावलं उजवीकडे पडला तर धोम, वाई, सातारा, कराड, सांगली, नरसोबाची वाडी, पुढे कर्नाटक, श्रीशैलम, विजयवाडा करत बंगालच्या उपसागरात. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत फक्त ६४ किलोमीटर आहे, आणि कृष्णा मात्र त्याच्याकडे पाठ करून जवळजवळ १४०० किलोमीटर पूर्वेला चालत जाते.

आणि मग तिने कथेचं शेवटचं टोक सांगितलं, जे तिने देवळात मुद्दाम राखून ठेवलं होतं. पुराणात असं आहे की शापानंतर देवांच्या नद्या झाल्या, आणि सावित्री व गायत्री या दोघी मात्र पश्चिमेकडे तोंड करून वाहिल्या आणि पुढे एक होऊन सावित्री म्हणूनच ओळखल्या गेल्या. म्हणजे भांडून, रागावून निघालेली सावित्री यज्ञाकडे पाठ फिरवून पश्चिमेला कड्यावरून कोसळली, आणि तिन्ही देव पूर्वेला गेले. ज्याने कुणी ही कथा पहिल्यांदा सांगितली त्याने इथेच कुठेतरी उभं राहून हे बघितलं असणार ना? एकाच डोंगरावर, हाकेच्या अंतरावर उगम, आणि एक नदी उलट्या दिशेला, तीही इतक्या संतापून. जलविभाजक म्हणून भूगोलात जे शिकवतात ते आपल्या लोकांनी नवरा-बायकोच्या भांडणात सांगून ठेवलं, आणि म्हणून ते हजार वर्षं कुणी विसरलं नाही. माझा मुलगा, जो सकाळपासून मोबाइलमध्ये होता, तो इथे मोबाइल खिशात घालून खाली बघत बसला होता. त्याच्या प्रश्नाचं उत्तर तिने असं दिलं की पुष्करची पुष्करला खरी, ही इथे खरी, कारण इथली जमीनच साक्ष देतेय.

आणखी एक, जे मला आयुष्यभर कोडं होतं. भर मे महिन्यात सगळीकडे टँकर चालू असताना पंचगंगेचं गोमुख वाहतं कसं? तर महाबळेश्वरच्या पठारावर वरचा थर जांभ्याचा आहे, सच्छिद्र, तो पावसाळ्यात पाणी पिऊन घेतो, आणि इथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच्या खाली घट्ट थर आणि काळा कातळ, त्यातून पाणी सहज खाली जात नाही, मग ते आडवं सरकत जिथे वाट मिळेल तिथे झऱ्याने बाहेर पडतं, हळूहळू, वर्षभर. ताई म्हणाली आपल्या पूर्वजांनी तो झरा ओळखला, त्याला गोमुख बसवलं, देऊळ बांधलं, भोवतीची राई राखली. देव मानला म्हणून जागा राहिली. मला वाटतं श्रद्धा आणि शास्त्र दोन्ही इतक्या सहज, एकमेकांना कमी न लेखता सांगणारा माणूस मिळणं फार अवघड आहे. आमच्या ग्रुपमध्ये एक काका होते, त्यांना हे सगळं देवधर्माचं काही पटत नव्हतं, आणि एक काकू होत्या, त्यांना झऱ्याचं शास्त्र सांगितलेलं आवडलं नव्हतं, पण आर्थर सीटवर दोघंही शेजारी शेजारी उभं राहून तीच दरी बघत होते.

जेवण. इथेच तो अर्धा स्टार गेला. एका घरगुती ठिकाणी ठेवलं होतं, पिठलं-भाकरी, ठेचा, भात, आमटी, ताक, मेनू छान, पण एकाच वेळी दोन ग्रुप आले आणि भाकरी संपल्या, मग शेवटी बसलेल्यांना चपात्या आणि त्याही गार. सासूबाई आणि आम्ही शेवटच्या पंगतीतच होतो. ऑर्गनायझरना सांगितलं तर त्यांनी कारणं न देता ऐकून घेतलं आणि परतीच्या वाटेवर सगळ्यांना स्वतःकडून चहा-भजी दिली, ते आवडलं. पण जेवायला पाऊण तास जास्त गेला आणि तो सगळा धोमच्या वेळातून कापला गेला, याचं मला जास्त वाईट वाटलं.

कारण धोम काय जागा आहे! धौम्य ऋषींचा आश्रम इथे होता असं मानतात, त्यांच्यावरून धोम. नृसिंहाचं देऊळ आहे, महादेवाचंही आहे, आणि महादेवासमोर नंदीचा मंडप एका दगडी कासवाच्या पाठीवर आहे, भोवती कमळासारखं कुंड. कुंडात पाणी भरलं की कासव नंदीला पाठीवर घेऊन तरंगतंय असं दिसतं. आम्ही अक्षरशः पळत बघितलं. मला तिथे निवांत बसायचं होतं, जमलं नाही. पुढच्या बॅचला प्लीज जेवणाचं आधी नक्की करा आणि धोमला अर्धा तास तरी द्या.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. घाट अर्धचंद्रासारखा, कृष्णेला कवेत घेतल्यासारखा, सिनेमांमुळे सगळ्यांनी बघितलेलाच असतो. तिथल्या देवळाजवळ टांगलेली मोठी घंटा पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली, तिच्यावर मेरी माता आणि बाळ येशू आहेत. चर्चची घंटा कृष्णेकाठी महादेवासमोर, आणि अजूनही तिच्यावरचं चित्र कुणी खरवडलेलं नाही. नवरा इथे खूश.

मग वाई, आणि संध्याकाळचा घाट. सकाळी डोंगरावर जिची धार बोटाएवढी बघितली ती इथे पूर्ण नदी झालेली. गणपती घाटावर ढोल्या गणपती, १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं देऊळ. मूर्ती केवढी मोठी ते सगळ्यांना माहीत आहे, पण देवळाच्या मागच्या भिंतीकडे किती लोक बघतात? ती माशाच्या आकाराची, टोकदार केलेली आहे, पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. नदीच्या काठावर देव बसवला तर नदीचा मानही ठेवला आणि तिचा जोरही ओळखला. ताईने आम्हाला देवळात नेण्याआधी मागे नेलं, हे फार बरं केलं.

आणि कृष्णाबाईचा उत्सव, जो मगाशी राहिला होता. वाईला सात घाट आहेत आणि माघापासून एकेका घाटावर पाळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो. देवीची मूर्ती त्या घाटावर येते, भजन, कीर्तन, प्रसाद, सगळी आळी कामाला लागते. परंपरा अशी सांगतात की अफझलखान १६५९ मध्ये वाईला येऊन बसला तेव्हा लोकांनी कृष्णेला नवस बोलला, महाराजांना यश दे, तुझा उत्सव करू. नदी पुराणात विष्णू असेल, पण वाईकरांसाठी ती संकटात हाक मारायची आई होती, आणि नवस फेडायचं त्यांनी अजून थांबवलेलं नाही. आम्ही गेलो तेव्हा उत्सवाचे दिवस नव्हते, पण घाटावर एक आजी रोजची असावी अशी आली, पाण्यात उतरली, नमस्कार केला, दिवा लावला आणि कुणाकडे न बघता गेली. सासूबाईंनी पण ओंजळभर पाणी घेऊन नमस्कार केला. इथे अर्धा-पाऊण तास नुसतं बसायला दिला, कुणी काही बोललं नाही, हे नियोजन एकदम बरोबर.

तक्रारी आणखी दोन. एक म्हणजे ताईचा आवाज मागच्यांना पोचत नव्हता, पंचगंगेत ठीक होतं पण आर्थर सीटला वाऱ्यात शेवटी उभ्या असलेल्या लोकांना निम्मं ऐकूच गेलं नाही. कमरेला लावायचा छोटा स्पीकर मिळतो तो घ्या, देवळात नको पण कड्यावर लागेल. दुसरं, बुकिंगच्या वेळी ज्येष्ठांना पायऱ्या किती, चढ किती हे नीट सांगत नाहीत, "सगळ्यांना जमण्यासारखं आहे" एवढंच सांगतात. सासूबाई चालत्या-फिरत्या आहेत म्हणून जमलं, पण गुडघे दुखणाऱ्यांना कृष्णाबाईच्या पायऱ्या आणि घाट अवघड जाईल. तसं मोकळेपणाने सांगितलं तर लोक आपापलं ठरवतील.

परतीच्या गाडीत खंबाटकीच्या आसपास एकाने विचारलं की पुण्याचा आणि कृष्णेचा काय संबंध, आपली तर मुळा-मुठा. ताईने तेवढ्यासाठी माइक घेतला. मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला, भीमा पंढरपूरला चंद्रभागा होऊन पुढे जाते आणि रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते. म्हणजे ओंकारेश्वराच्या मागून जे पाणी जातं ते शेवटी कृष्णेतच जातं. आपण रोज जे नदीत सोडतो तेही. गाडीत क्षणभर सगळे गप्प झाले. मी कोथरूडला राहते, म्हात्रे पुलावरून रोज जाते, नाकाला रुमाल लावून जाते. सकाळी जे पाणी तीर्थ म्हणून प्यायलो त्याच नदीत आपण हे पाठवतोय, हे ऐकून मला खूप लाज वाटली आणि ती वाटायलाच हवी.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. पावसाळ्यात जाऊ नका, धुक्यात आर्थर सीटवरून काहीच दिसत नाही आणि या सहलीचा जीव तिथेच आहे. पाऊस संपल्यावर लगेच गेलात तर झरेही भरलेले आणि दरीही स्वच्छ. स्वेटर घ्या, सकाळी वर गार असतं. तीर्थ घ्यायला घरून स्टीलची बाटली न्या. माकडं आहेत, प्रसादाची पिशवी हातात मिरवू नका. लहान मुलं असतील तर दहा-बारा वर्षांच्या पुढची न्या, त्याहून लहान कंटाळतील, दिवस मोठा आहे, आम्ही रात्री दहाच्या पुढे नळ स्टॉपला उतरलो.

आणि ऑर्गनायझरना एक आग्रहाची विनंती, ही नदी वाईला सोडून देऊ नका. पुढचा भाग पण करा, संगम माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते आणि कराडला कोयना, म्हणजे सकाळी उगमाशी ज्यांना एकत्र बघितलं ते तिन्ही देव वेगवेगळ्या वाटांनी फिरून पुन्हा एकत्र येतात ते बघायचंय. दोन दिवसांची करा, मुक्काम कराडला ठेवा, जमलं तर दुसऱ्या दिवशी वाडीपर्यंत न्या. आमच्या चार सीट आत्ताच धरा, सासूबाईंनी तर बॅग कुठली घ्यायची तेही ठरवलंय.